रुमत्से ते त्सो मोरीरी: चांगपांच्या मुलुखातून तळ्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही चौघं, पस्तिशी-चाळिशीतले, सह्याद्रीत नियमित फिरणारे. हिमालयात बारा-तेरा हजार फुटांपर्यंत जाऊन आलोय. ऑगस्टमध्ये लडाखात रुमत्सेहून त्सो मोरीरीपर्यंत चालत जायचं आहे. चांगपा, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळ लोकांच्या तंबूत राहायची खूप इच्छा आहे. किती दिवस ठेवावेत, कोणामार्फत जावं, काय सांभाळावं? आमच्यातल्या एकीकडे परदेशी नागरिकत्व आणि ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं) कार्ड आहे, तिला येता येईल का?"

जरूर जा. लडाखात गट घेऊन जाताना मी अनेक वाटा चाललो आहे, त्यांत ही वाट मला सगळ्यांत जवळची आहे. सुरुवात मुक्कामाच्या प्रश्नापासून करतो, कारण तो नीट सुटला की दिवस, घोडे, एजन्सी हे सगळं त्यामागून ठरत जातं.

रुमत्से हे लेह-मनाली रस्त्यावरचं, तांगलांग ला (ला म्हणजे खिंड) या खिंडीच्या अलीकडचं शेवटचं गाव. तिथून कोरझोकपर्यंत, म्हणजे त्सो मोरीरीच्या काठावरच्या गावापर्यंत, वाटेवर कायमची वस्ती जवळपास नाहीच. त्सो कार तळ्याच्या बाजूला थुक्जे नावाचं लहानसं गाव आहे, तेही सामदच्या चांगपांचं सामानसुमान ठेवायचं ठिकाण. त्यामुळे नकाशावर हा सगळा मुलूख मोकळा दिसतो. प्रत्यक्षात तिथला एकेक माळ आणि एकेक ओढा कुणाच्या ना कुणाच्या चराईत आहे. लडाखच्या या भागात चांगपांचे तीन मोठे समूह आहेत: खारनाक, सामद आणि कोरझोक. तुमची वाट आधी सामदवाल्यांच्या कुरणांतून जाते आणि पुढे कोरझोकवाल्यांच्या. कोणतं कुरण कधी उघडायचं, तळ कधी उठवायचा हे समूहाचा प्रमुख, म्हणजे गोबा, लोकांशी बोलून ठरवतो. घाटावरचे मेंढपाळ धनगर कोणत्या गावच्या शिवारात कधी बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवून चालतात, तसंच हे आहे. फक्त इथे सगळं साडेचार हजार मीटरच्या वर चालतं आणि हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो.

म्हणून वाटेवर रेबो दिसला, म्हणजे याकच्या केसांचा विणलेला काळा तंबू, तर ते कुटुंबाचं घर आहे आणि तिथे दिवसभर काम चालू आहे, हे धरून चला. आता बरीच कुटुंबं पांढरे कापडी तंबू वापरतात, त्यामुळे काळा तंबू दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध काढायचं असतं. शेळ्या-मेंढ्या समोरासमोर उभ्या करून एकाच दोरीत त्यांच्या माना गुंफतात, लांबच लांब रांग होते आणि बायका एका टोकापासून दूध काढत जातात. मग ताक घुसळणं, लोणी काढणं, चुर्पे (सुकं चीज) वाळत घालणं. त्या वेळी चौघं पाहुणे कॅमेरे घेऊन दाराशी उभे राहिले तर कुणी हाकलणार नाही, चहाच देतील. पण ज्या बाईला शंभर-दीडशे जनावरांचं दूध काढायचंय तिच्या हातातलं काम थांबलेलं असतं. माझ्या गटांना मी सांगतो: दुधाच्या वेळी लांब बसा, काम उरकलं की जा.

तंबूकडे जाताना थेट चालत जाऊ नका. चांगपांचे कुत्रे लांडग्याशी भिडणारे आहेत. हाकेच्या अंतरावर थांबून "जुले" म्हणा, कुणी बाहेर येऊन कुत्रा आवरेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका. वयस्क बाईला "आमा-ले", वयस्क पुरुषाला "आबा-ले", बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या माणसाला "आचो-ले" म्हणा, लगेच चेहरे खुलतात. आत मधोमध चूल असते आणि दारासमोरच्या टोकाला देवाची जागा. चूल ओलांडायची नाही, तिच्यात कागद-प्लास्टिक टाकायचं नाही, देवाकडे पाय करून बसायचं नाही. मिठाचा, लोण्याचा चहा मिळेल, गुर-गुर चा. घोट घेतला की पेला पुन्हा भरला जातो, त्यामुळे नको असेल तर भरलेला तसाच राहू द्या आणि उठताना संपवा. सोबत ङाम्फे मिळेल, भाजलेल्या सातूचं पीठ. आपल्या सातूच्या पिठाची सवय असलेल्यांना ते पहिल्या घासातच आवडतं.

आता राहायचं. वाटेवरच्या तंबूत मुक्काम मागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एका तंबूत पाच-सहा माणसं आणि करडं-कोकरं असताना चौघांची पथारी म्हणजे त्यांच्या झोपेची वाट लागणं. चहा, गप्पा, हवं तर त्यांच्याकडून दही किंवा चुर्पे विकत घेणं एवढं पुरे. मुक्कामाची हौस दोन ठिकाणी चांगली भागते. एक म्हणजे कोरझोक फू. कोरझोकपासून काही तासांच्या चालीवर, ओढ्याकाठी, उन्हाळ्यात कोरझोकच्या कुटुंबांचे तंबू तिथे एकत्र पडतात. तुमच्या ट्रेकचा तो शेवटचा तळ आहे. बहुतेक एजन्सी तिथे एकच रात्र ठेवतात, तुम्ही दोन ठेवा. स्वतःचे तंबू थोडे दूर लावा आणि मधला अख्खा दिवस त्या वस्तीत काढा. एक दिवस थांबलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी कळप हाकायला सोबत नेतात, हे मी पाहिलंय. दुसरं ठिकाण कोरझोक गाव. तिथल्या घरांमध्ये पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, घरचं जेवण मिळतं आणि पैसे थेट त्या घरात जातात. काठावरच्या सजवलेल्या तंबूंच्या कॅम्पपेक्षा घर निवडा.

भेट काय न्यावी असं सगळे विचारतात. लेहहून निघताना जादा भाजी, चांगली चहापत्ती आणि थोडा तांदूळ घ्या. ताजी भाजी तिथे पिकत नाही, म्हणून तिचं फार कौतुक होतं. पोरांना गोळ्या-चॉकलेटं आणि वह्या-पेनं वाटू नका. औषधंही वाटू नका. कुणी दुखण्यावर गोळी मागितली तर ती कशावर आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, पण त्या माणसाला आणखी काय झालंय हे ठाऊक नसतं. फोटो विचारून, आणि तेही ओळख झाल्यावर.

चांगपांच्या मुलुखात मी एवढा का अडकून पडतो ते सांगतो. हे लोक १९८९पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पश्मिना ज्या शेळीच्या अंगावर येते ती चांगरा शेळी हेच लोक पाळतात. तिच्या राठ केसांखालची मऊ लोकर साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीची असते आणि ती इतकी बारीक येते ती या थंडीमुळेच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती विंचरून काढतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये ते काम तुम्हाला बहुधा दिसणार नाही. १९६२च्या युद्धानंतर सीमेपलीकडची हिवाळी कुरणं हातची गेली, आणि त्याच काळात तिबेटमधून निर्वासित मेंढपाळ आपापली जनावरं घेऊन अलीकडे आले. उरलेल्या गवतावर दोघांचा भार पडला. २०१३च्या हिवाळ्यात चांगथांगवर, म्हणजे चांगपांच्या या पठारावर, एवढा बर्फ पडला की चारा गाडला गेला आणि हजारो जनावरं मेली. खारनाकच्या बहुतेक कुटुंबांनी जनावरं विकून लेहजवळ वस्ती केली, तिला आता खारनाकलिंग म्हणतात. अलीकडे पांगच्या पठारावर १३ गीगावॅटचा, मुख्यतः सौर आणि काही पवनऊर्जेचा प्रकल्प ठरला आहे, आणि तिथल्या कुरणांचं काय होणार हा प्रश्न मेंढपाळ जाहीरपणे विचारत आहेत. माझी बाजू त्यांच्याकडे आहे. ज्या गवतावर एक संपूर्ण जगणं उभं आहे त्याला ओसाड जमीन म्हणून कागदावर चढवणं मला पटत नाही.

याच कारणासाठी घोड्यांचा विषय मला महत्त्वाचा वाटतो, आणि ट्रेकर मंडळी त्याकडे बघतच नाहीत. आठ-दहा दिवसांचं धान्य, गॅस, तंबू, स्वयंपाकाचं सामान धरलं तर चौघांच्या गटालाही अर्धा डझन घोडे सहज लागतात. संध्याकाळी ओझं उतरलं की घोडे सोडून दिले जातात आणि ते रात्रभर चरतात. कुठे? ओढ्याकाठच्या ओल्या कुरणात, ज्याला तिथे स्पांग म्हणतात. चांगथांगमध्ये गवत वाढायचा काळ जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. पुष्कळदा ते कुरण थंडीसाठी किंवा व्यायच्या दिवसांसाठी मुद्दाम राखून ठेवलेलं असतं आणि खुद्द गावातल्यांनाही तिथे जनावर सोडायची मनाई असते. हंगामात गटामागून गट असे घोडे सोडत गेले की राखलेलं कुरण हिवाळ्याआधीच संपतं. भांडणं होतात ती इथेच.

तेव्हा एजन्सीशी बोलताना भाव करण्याआधी घोड्यांबद्दल विचारा. घोडेवाला कुठला आहे? दाणा सोबत घेणार का, आणि किती दिवसांचा? तळ कुठे टाकायचा हे कोण ठरवणार? गाईड रुमत्से, सामद किंवा कोरझोकचा असेल तर अर्धी काळजी मिटते, कारण कोणतं कुरण राखलेलं आहे ते त्याला माहीत असतं आणि त्याला पुढच्या वर्षीही त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं. लेह किंवा मनालीचा हुशार गाईड वाट उत्तम दाखवेल, पण हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. वाटेत गावातलं कुणी चराईचे किंवा तळाचे पैसे मागायला आलं तर हुज्जत घालू नका, पावती असेल तर घ्या, नसेल तरी द्या. ती रक्कम तुमच्या विमानाच्या तिकिटापुढे काहीच नसते. तंबू हिरवळीवर नको, खडीवर लावा; पाठीला थोडं टोचेल, पण ओलं कुरण तुडवलं की सावरायला वर्षं लागतात. स्वयंपाक गॅसवरच. बुर्त्सेची झुडपं उपटून शेकोटी करणारे गट मी पाहिले आहेत. ती झुडपं म्हणजे तिथलं सरपण, आणि वाढायला त्यांना फार वेळ लागतो. वाळलेलं शेणसुद्धा तिथे कुणीतरी आपल्या चुलीसाठी ठेवलेलं असतं.

आता उंची. सह्याद्रीतला अनुभव पायांना आणि तोलाला उपयोगी पडतो, उंचीसाठी त्याचा उपयोग शून्य. कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५००. तुमचा पहिला तळ ४,२००च्या आसपास, आणि त्यानंतर कोरझोकला पोहोचेपर्यंत तुम्ही ४,४००च्या खाली एकदाही झोपणार नाही. सर्वांत उंच दोन खिंडी, क्यामायुरी ला आणि यालुंग न्याऊ ला, ५,४००च्या घरात आहेत. तिथे दर श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. तुमचा बारा-तेरा हजार फुटांचा अनुभव म्हणजे चार हजार मीटर. हा ट्रेक त्याच्या वर सुरू होतो.

वाट तशी सोपी आहे. कडे नाहीत, दोर नाही, बर्फावरची चाल बहुधा नाही. रुंद दऱ्या, गोलसर डोंगर, लांब चढ. त्यामुळेच लोक फसतात. पाय दमत नाहीत म्हणून शरीर तयार आहे असं वाटतं. सर्वसाधारण सल्ला असा की तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपायच्या जागेत ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त चढ नसावा. नेहमीच्या कार्यक्रमात रुमत्सेहून क्यामार, साधारण ४,४००, आणि दुसऱ्याच दिवशी दोन खिंडी ओलांडून तिसालिंग, जे पाच हजारांच्या अगदी जवळ आहे. या ट्रेकवर माणसं सर्वांत जास्त आजारी पडतात ती तिसालिंगच्या रात्री. म्हणून माझा आग्रह असा: लेहमध्ये चार रात्री, रुमत्सेत एक, क्यामारला दोन. क्यामारच्या मोकळ्या दिवशी बाजूच्या धारेवर तीन-चारशे मीटर चढा आणि झोपायला खाली या. एजन्सी म्हणेल की गरज नाही, बाकी गट तर एकाच रात्रीत जातात. त्या एका दिवसाचे घोड्यांचे पैसे जास्त पडतील. ते द्या. लेहला विमानाने उतरत असाल तर पहिले ४८ तास खरोखर विश्रांती. पहिल्याच दिवशी खारदुंग ला बघून येण्याचा मोह आवरा.

तिसालिंगहून शिबुक ला चढलात की खाली त्सो कारचं खोरं उलगडतं, पांढऱ्या कडा असलेलं तळं दिसतं आणि उतरून पोंगानागूला ४,५००च्या थोडं वर मुक्काम पडतो. तिथे सगळ्यांना हायसं वाटतं. पुढचा तळ नुरुचान. हे दोन दिवस ट्रेकचा मध्य आहेत आणि निर्णयाचेही. इथे गाडी पोहोचते. पोलोकोंगका लावरून पुगा, सुमदो आणि माहेकडे रस्ता आहे. नुरुचानला प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगायचं: डोकं दुखतंय का, भूक आहे का, झोप लागते का, खोकला आहे का. ज्याचं ठीक नाही त्याने इथून गाडीने कोरझोकला किंवा लेहला जायचं. याचं कारण नीट समजून घ्या. उंचीच्या आजारावर खरा उपाय खाली उतरणं हाच. पण चांगथांगमध्ये दरीचा तळच साडेचार हजार मीटरवर आहे, चालत उतरायला खाली जागाच नाही. नेपाळच्या वाटांवर दोन-तीन तासांत हजार मीटर उतरता येतं, इथे त्यासाठी गाडी लागते, आणि नुरुचाननंतर होरलाम कोंगका ला, राजुंगकारू, क्यामायुरी ला, ग्यामा असे तीन-चार दिवस गाडीचा भरवसा धरता येत नाही. त्यातही यालुंग न्याऊ लाच्या आधीचा ग्यामाचा मुक्काम ५,१००च्या आसपास, म्हणजे सगळ्या ट्रेकमधला सर्वांत उंच.

लक्षणांबद्दल एवढंच: डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मरणं किंवा विलक्षण थकवा आला तर तो उंचीचा आजार आहे असंच समजा, उन्हाचा त्रास वगैरे म्हणून सोडू नका. बसल्या जागी धाप लागणं, छातीत खरखर, ओठ-नखं निळसर होणं म्हणजे फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, बोलणं असंबद्ध होणं म्हणजे मेंदूला सूज. यांत सकाळची वाट पाहायची नसते. ऑक्सिजन सिलिंडर घोड्यावर असलाच पाहिजे आणि निघण्यापूर्वी तो भरलेला आहे हे स्वतः बघा. अॅसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रोज पैज लावणारे गट असतात. आकड्यापेक्षा माणसाचा चेहरा, चाल आणि ताट बघा.

परवानगीचं पाहू. भारतीय नागरिकांना ओळखपत्र, पर्यावरण शुल्क आणि अभयारण्याचं शुल्क लागतं. सीमाभागाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून लेहला पोहोचल्यावर एजन्सीकडून त्या आठवड्याचा नियम विचारून घ्या. तुमच्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे. ओसीआय कार्ड असलं तरी संरक्षित क्षेत्रासाठी तिला परदेशी नागरिकांसारखाच परवाना काढावा लागतो, आणि तो लेहच्या नोंदणीकृत एजन्सीमार्फत, गटाने जाण्यासाठी मिळतो. तिने मूळ पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही सोबत ठेवावेत. तिथे गेल्यावर बघू असं चालणार नाही. कागद आधी पाठवा. परदेशातून येताना ती उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणणार असेल तर सांगा, आणू नकोस. परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तसं यंत्र भारतात बाळगणं गुन्हा आहे आणि अशा यंत्रांमुळे विमानतळांवर लोक अडकले आहेत. साधे मोबाइलही तिथे बाहेरच्या राज्यांचे पोस्टपेडच चालतात, तेही वाटेवर नाहीत.

सामानाचं फार लिहीत नाही. तुम्हाला जमतं. उणे दहाला ऊब देणारी झोपायची पिशवी, वारा अडवणारं जॅकेट, बाजूने उजेड न शिरणारा गॉगल, ओठांना आणि नाकाला भरपूर सनस्क्रीन, ओढे ओलांडायला जुनी सँडल. ओढे सकाळी ओलांडा, दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी वाढतं. त्सो कारचं पाणी खारट आहे, तिथे येण्याआधी बाटल्या भरून घ्या.

पण त्सो कारवर घाई करू नका. कधीकाळी याच काठावरचं मीठ खरवडून चांगपा मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्यांतून लेह आणि झंस्करकडे न्यायचे आणि बदल्यात सातू आणायचे. शेजारचं स्तार्त्सापुक त्सो गोड्या पाण्याचं आहे, आणि या दोन तळ्यांच्या पाणथळीला २०२०मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. इथे काळ्या मानेचा करकोचा घरटं करतो. भारतात तो वीण घालतो तो लडाखातच, आणि लडाखने त्याला आपला पक्षी म्हणून जाहीरही केलंय. दुर्बीण न्या आणि लांबून पाहा. पक्ष्याने चरायचं थांबवून मान ताठ केली की तुम्ही जास्त जवळ गेलेले असता. तिथूनच मागे फिरा. माळावर क्यांग, म्हणजे रानगाढवांचे कळप दिसतील. गाडीतून त्यांचा पाठलाग करणाऱ्यांना थांबवायची संधी मिळाली तर जरूर थांबवा. उरलेलं अन्न तळावर पुरू नका आणि फेकूही नका. त्यावर भटके कुत्रे पोसले जातात, आणि करकोच्याची अंडी-पिल्लं खाणारे तेच. तुमच्या डाळ-भाताचा त्या घरट्याशी इतका सरळ संबंध आहे.

शौचासाठीही इथे सह्याद्रीचा हिशेब चालत नाही. थंड वाळवंटात काहीच लवकर कुजत नाही. पाण्यापासून किमान साठ-सत्तर मीटरवर खड्डा, माती वर ओढायची, आणि कागद पिशवीत भरून परत न्यायचा. ओले टिश्यू घोड्याच्या ओझ्यातून लेहपर्यंत यायला हवेत. गटात हे कुणी बोलत नाही म्हणून मी पहिल्या रात्रीच बोलतो.

यालुंग न्याऊ लावर पोहोचलात की त्सो मोरीरी पहिल्यांदा दिसतं. पलीकडे लुंगसेर कांगरी आणि चामसेर कांगरी, दोन्ही ६,६००च्या वरची शिखरं, आणि खाली तो निळा रंग, जो दर तासाला बदलतो. तळं ४,५२० मीटरच्या आसपास, सुमारे १२० चौरस किलोमीटर. त्यात ओढे येतात, पण बाहेर जाणारी वाट नाही, पाणी फक्त उन्हाने उडतं. म्हणून त्यात जे पडतं ते तिथेच राहतं, मग साबण असो की बाटलीचं झाकण. चांगपांसाठी हे तळं पवित्र आहे. २०००मध्ये इथल्या लोकांनी पृथ्वीसाठी पवित्र भेट म्हणून ते जाहीरपणे राखायचं ठरवलं आणि २००२मध्ये ते रामसर यादीत आलं. तेव्हा पोहणं नाही, काठावर तंबू नाही, गाडी पाण्यापर्यंत नेणं तर नाहीच. पट्टकादंब हंस इथे पिल्लं वाढवतात. काठाने चालताना पाणथळीपासून वरच्या बाजूने चाला. छोर्तेन (स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून पुढे जा.

कोरझोकच्या गोम्पात, म्हणजे मठात, तिबेटी बौद्ध धर्मातल्या द्रुकपा परंपरेचे भिक्षू आहेत. तिथला गुस्तोर उत्सव साधारण जुलैमध्ये दोन दिवस असतो, मुखवट्यांचा छाम नाच होतो आणि सगळ्या कुरणांवरची माणसं खाली येतात. तारखा तिबेटी पंचांगावर ठरतात. ऑगस्टऐवजी जुलै जमत असेल तर उत्सवाच्या तारखा आधी विचारा आणि ट्रेकचा शेवट त्यावर बसवा. तुम्हाला माणसांना भेटायचं आहे ना, मग त्या दोन दिवसांसारखी वेळ वर्षात नाही. कोरझोकच्या आसपास सातूची छोटी शेतं आहेत. एवढ्या उंचीवर पीक घेणारी गावं जगात मोजकीच. जमलं तर तिथल्या यजमानांबरोबर शेतावर जा, घरात बसून राहू नका.

पश्मिना घ्यायची असेल तर लेहच्या बाजारातल्या पहिल्या दुकानात घेऊ नका. लेहमध्ये लूम्स ऑफ लडाख ही स्थानिक बायकांची सहकारी संस्था आहे, तिथे लोकर कुठून आली आणि कोणी विणलं हे सांगतात. किंमत जास्त वाटेल. हाताने विंचरलेल्या, कातलेल्या आणि विणलेल्या कापडाची किंमत तेवढीच असते.

हिशेब असा येतो: लेह चार रात्री, रुमत्से एक, क्यामार दोन, तिसालिंग, पोंगानागू, नुरुचान, राजुंगकारू आणि ग्यामा एकेक, कोरझोक फू दोन, कोरझोक दोन, परत लेह दोन. एकूण अठरा रात्री. सुट्टी चौदा दिवसांचीच मिळत असेल तर क्यामार आणि लेहच्या रात्री कापून पूर्ण वाट बसवू नका. त्याऐवजी रुमत्से ते त्सो कार हा पहिला भागच सोडा, लेहमधली विश्रांती तेवढीच ठेवा, गाडीने नुरुचानला जा, एका दिवसातली ही उडी वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, म्हणून तिथे दोन रात्री थांबून, सगळे ठीक असतील तरच पुढे चाला. कोरझोकहून माहे आणि चुमाथांगमार्गे लेह गाठायला अख्खा दिवस जातो, रस्ता मध्येच बंदही असतो, आणि लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात. म्हणून परतीचं तिकीट लेहला पोहोचल्याचा दिवस धरून तिसऱ्या दिवसाचं काढा.